फोटोखालची ओळ

आफ्रिकेतून परतलेल्या मुंबईकराच्या फोटोंत हल्ली सिंहापेक्षा शूबिलचा भाव जास्त आहे. सिंहाचं काय, मसाई मारात तो जीपच्या सावलीलाही येऊन बसतो. शूबिलसाठी युगांडात एन्टेबेजवळच्या माबांबा दलदलीत पहाटे अरुंद होडीत बसावं लागतं आणि पपायरसच्या उंच गवतातून वाट काढत जावं लागतं. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा उंच, राखाडी, लाकडी खडावांसारख्या अगडबंब चोचीचा हा पक्षी सगळ्या आफ्रिकेत मिळून काही हजारच उरला आहे. तो पाण्याकडे टक लावून इतका वेळ निश्चल उभा राहतो की नवख्याला वाटावं, कुणी पुतळा आणून ठेवला आहे. मग एकदम सगळं अंग पुढे झोकून तो चिखलातला लंगफिश उचलतो. हा क्षण ज्याच्या कॅमेऱ्यात आला त्याच्या दादरच्या घरात दिवाणखान्याची मोठी भिंत त्या फोटोला मिळते, आणि मिळावी. फोटो खरोखरच देखणा असतो.

माझा आक्षेप फोटोला नाही, त्याखाली जे लिहिलेलं नसतं त्याला आहे. बहुतेक फोटोंखाली पक्ष्याचं नाव, देशाचं नाव आणि लेन्सचा आकडा असतो. तारीख नसते. दलदलीच्या कोणत्या भागात, किती पक्षी, जोडी की एकटा, पिल्लू होतं का, जवळ मासेमारी चालली होती का, यातलं काहीच नसतं. होडी वल्हवणाऱ्याचं नावही नसतं, आणि पक्षी तर त्यानेच शोधलेला असतो. माबांबाचे हे वाटाडे मुळात कोळी. शूबिल दिसला की त्या दिवशी जाळ्यात मासळी येत नाही, असा तिथे समज होता आणि त्यापायी पक्षी मारलेही जात. पर्यटक येऊ लागले तसा त्याच पक्ष्यावर संसार चालू लागला आणि समज मागे पडला. झांबियातल्या बांग्वेउलू दलदलीत तर पिल्लं चोरून विकली जातात म्हणून तिथल्या कोळ्यांनाच घरट्यांची राखण दिली आहे. दुर्मिळ पक्षी ‘आम्हाला सापडला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा तो कुणीतरी आधीच शोधून, राखून ठेवलेला असतो.

दुर्मिळ पक्ष्याचा सुंदर फोटो आणि त्याची नोंद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण पहिलीच्या मागे लागून दुसरी टाकून दिली, हे मला मांडायचं आहे. आणि हे मुंबईने करावं याचं वाईट वाटतं, कारण नोंदीची शिस्त या देशाला ज्या शहरांनी लावली त्यांत मुंबईचं नाव वरचं आहे.

15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) निघाली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनौषधींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही गिरगावच्या सुधारक वर्तुळातले. बाकीचे साहेब. त्यातल्या पुष्कळांना शिकारीचा नाद होता आणि सोसायटीचा पहिला पसारा फोर्टातल्या फिप्सनच्या मद्याच्या दुकानात मांडलेला होता. सांगायचं काय, तर ही मंडळी पक्षी मारत होती. पण मारलेल्या पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधली जायची आणि तिच्यावर जागा, तारीख, नर की मादी, कुणी मारला, हे शाईने लिहिलं जायचं. चिठ्ठी नसलेलं कातडं संग्रहात असून नसल्यासारखं. जिवंत पक्षी टिपणाऱ्या आपल्या कॅमेऱ्याच्या तुलनेत ती पद्धत क्रूर होती, यात शंका नाही. पण चिठ्ठीच्या बाबतीत ते शिकारी आपल्या पुढे होते.

ती चिठ्ठी खोटी असली तर काय होतं, याचा धडा महाराष्ट्राच्याच एका पक्ष्याने दिला आहे. तो पाणथळीतला नाही, सातपुड्याच्या सागवानी जंगलातला आहे, पण त्याची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रानपिंगळ्याचं वर्णन पक्षीतज्ज्ञ ह्यूमने 1873 मध्ये केलं. पुढच्या दहाएक वर्षांत खानदेशात सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसनने काही नमुने जमवले. त्यानंतर पक्षी गायब. अपवाद फक्त एक: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांनी 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक मारल्याची चिठ्ठी. हे कर्नलसाहेब पूर्व आफ्रिकेतही नावाजलेले होते. तिथल्या एका मोठ्या रानडुकराच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. शंका कोण घेणार? नव्वदीच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ब्रिटिश संग्रहालयातली कातडी एकेक करून तपासली. कर्नलचा पिंगळा डेव्हिडसनच्या नमुन्यांपैकीच निघाला. तो संग्रहालयातून उचललेला होता, उसवून पुन्हा भरलेला होता आणि वर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून, डेव्हिडसनच्या जुन्या जागा धरून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात, दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शंभराहून जास्त वर्षं ‘नाहीसा’ असलेला पक्षी आपल्या जागी होता. एका खोट्या ओळीने शोधणाऱ्यांना दुसरीकडे पाठवलं होतं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या ओळीने परत आणलं.

आपल्या हातातला कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर वेळ आपोआप नोंदवतो, मोबाइल तर जागाही. डेव्हिडसनला जे हाताने लिहावं लागे ते आपल्याला फुकट मिळतं. आणि आपण फोटो एडिट करताना, इन्स्टाग्रामवर चढवताना, व्हॉट्सॲपवर ढकलताना ते सगळं पुसून टाकतो.

पक्षी टिपणाऱ्यांच्या बोलीत ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणून एक प्रकार असतो: लांबून काढलेला, थोडा हललेला, पानाआडून अर्धाच दिसणारा फोटो. तो दाखवताना माणूस कसनुसं हसतो, ‘काही नाही, नुसता रेकॉर्ड शॉट’ म्हणतो आणि बोट सरकवून पुढच्या फोटोवर जातो. त्या पुढच्या फोटोत पार्श्वभूमी मलईसारखी विरघळलेली असते, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका असतो आणि पक्षी कुठे बसला आहे याचा पत्ता लागत नाही. झाड कोणतं, पाणी किती, मागे चिमणी आहे की इमारत, सगळं धूसर. जागा पुसली गेली की फोटो चांगला, अशी ही सौंदर्यदृष्टी आहे. पाणथळीतल्या पक्ष्यांच्या बाबतीत ती मला विशेष खटकते, कारण तिथे पक्ष्याइतकीच जागा महत्त्वाची असते.

जागा म्हणजे काय, ते लेस्ली ब्राउनच्या पायांना विचारायला हवं होतं. हा केनियातला शेतकी अधिकारी, पण जीव पक्ष्यांत. पूर्व आफ्रिकेच्या खाऱ्या तळ्यांवर लाखोंनी दिसणारा छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, अंडी कुठे घालतो हे 1950च्या दशकापर्यंत कुणाला नीट ठाऊक नव्हतं. टांझानियातल्या नेट्रॉन तळ्यात दूरवर वसाहत आहे हे कळल्यावर ब्राउन 1954 मध्ये पायी तिकडे निघाला. नेट्रॉनचं पाणी सोड्याचं. वर पांढरा कडक पापुद्रा, खाली दाहक चिखल. पापुद्रा फुटत गेला, बुटांत सोडा शिरला, पायांची सालटी निघाली. वसाहतीपर्यंत न पोचताच तो कसाबसा परतला आणि पुढे काही आठवडे इस्पितळात पडून होता. पण त्याने आणि त्याच्यानंतरच्यांनी किती घरटी, कोणत्या वर्षी, पाणी किती असताना, याच्या ज्या नोंदी केल्या त्यांतून एक गोष्ट सिद्ध झाली: जगातले बहुतांश छोटे रोहित याच एका तळ्यात जन्मतात.

पुढे या नोंदीचा मुंबईशी थेट संबंध आला. 2006च्या सुमारास नेट्रॉनच्या काठी सोडा ॲशचा मोठा कारखाना काढायचा बेत टांझानिया सरकारने आखला आणि त्यातली भागीदार कंपनी होती आपल्या फोर्टातली टाटा केमिकल्स. जगभरातून विरोध झाला. 2008 मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली. गुलाबी पक्ष्यांचे फोटो त्या वादात सगळीकडे फिरले हे खरं, पण फोटो पाहून ‘हे पक्षी दुसऱ्या तळ्यावर जातील’ असं उत्तर देता येतं. पूर्व आफ्रिकेत त्यांची दुसरीकडे नियमित वीण होत नाही, ही नोंद समोर असली की तसं बोलता येत नाही.

हाच छोटा रोहित शिवडीला येतो. परळ-लालबागच्या माणसाने हार्बरच्या शिवडी स्टेशनला उतरून पूर्वेला जायचं. गोदामं, ट्रक, तेलाच्या टाक्या, मोडीत निघालेल्या बोटी, आणि जेट्टीच्या टोकाला खाडीचा उघडा चिखल. ओहोटी पार गेली असेल तर पक्षी लांब गुलाबी रेघेसारखे. भरती चढत आली की ती रेघ हळूहळू काठाकडे सरकते आणि चोच उलटी पाण्यात बुडवून ती इकडून तिकडे चाळणारा एकेक पक्षी वेगळा दिसू लागतो. भरती उधाणाची की भांगाची यावर पक्षी किती जवळ येणार ते ठरतं, हे कोळ्यांना तिथीवरून कळतं, आपल्याला ॲपवरून. 1990च्या दशकाच्या मध्यापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. शहराच्या सांडपाण्याने पोसलेलं शेवाळ हे त्यांच्या येण्याचं एक कारण मानलं जातं. मुंबईच्या घाणीवर जगणारं मुंबईचं वैभव, हे पचवायला थोडं जड आहे खरं. ठाणे खाडीतली संख्या पुढे लाखाच्या वर गेली, 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये ठाणे खाडीला पाणथळींसाठीचा रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी बीएनएचएसने काही फ्लेमिंगोंच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली आणि ते पक्षी गुजरातेकडे गेल्याचं दिसलं.

आता यातली मेख. अभयारण्य आहे ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या खाडीचं. शिवडी त्यात नाही. ज्या चिखलावर मुंबईने फ्लेमिंगो पाहायला शिकून घेतलं, जिथे बीएनएचएसचा फ्लेमिंगो महोत्सव भरायचा, तो चिखल संरक्षणाच्या रेषेबाहेर राहिला. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला, जवळपास 22 किलोमीटर लांबीचा अटल सेतू सुरू होतो तो याच चिखलावरून. पूल नको होता असं मी म्हणणार नाही. पक्ष्यांसाठी त्याच्या या टप्प्यावर आवाज अडवणारे पडदे लावले आहेत, तेही चांगलंच झालं. पण ते पडदे पुरले की नाही, पक्षी पुलाखाली चरतात की टाळतात, पूर्वीपेक्षा किती कमी किंवा जास्त, हे ठरवायचं तर पुलाआधीची आणि पुलानंतरची, त्याच जागेची, त्याच पद्धतीची मोजणी लागते. संस्थेची मोजणी असते, पण संस्था किती दिवस उभी राहणार? शिवडीला सकाळी कॅमेरे घेऊन उभे राहणारे लोक कैक पटींनी जास्त. त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये वीस-पंचवीस वर्षांची शिवडी पडून आहे. पिसं मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि तारखेवार कुणी लावलेली नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: प्रत्येकाने काय शास्त्रज्ञ व्हायचं? आम्ही आनंदासाठी जातो. बरोबर आहे, आनंदासाठीच जावं. पण खेतवाडीत जन्मलेल्या सालिम अलींनीही सुरुवात शास्त्रज्ञ म्हणून केलेली नाही. दहा वर्षांच्या आसपास वयाच्या या मुलाच्या हातात हवेची बंदूक होती आणि समोर भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं. त्याने बाहेर राखणीला बसलेला नर मारला. थोड्या वेळात दुसरा नर हजर. त्यालाही मारलं. आठवडाभरात आठ नर, आणि मादीला दर वेळी नवा जोडीदार. हे त्याने वहीत लिहून ठेवलं. त्या वयात त्याला अभिमान बहुधा नेमबाजीचाच असावा, पण म्हातारपणी आत्मचरित्रात छापण्याजोगी ठरली ती वहीतली नोंद. पुढे 1930 मध्ये, नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी घराजवळच्या सुगरणींची वसाहत पाहायला घेतली. सुगरण म्हणजे कोकणात कुठेही दिसणारा पक्षी. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर मुक्काम करते, आणि मग हा गडी लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. ही सगळी रीत तिथे बसून उलगडली आणि पक्षीशास्त्रात त्यांचं नाव झालं ते या साध्या पक्ष्यामुळे. दुर्मिळाच्या मागे धावण्यात त्यांनीही उमेदीची वर्षं घातली, नाही असं नाही. पण पाया इथे होता.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. जागा जाहीर केली की झुंड येते. घुबडाच्या ढोलीसमोर रांग लागते, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढलं जातं, आडवी फांदी छाटली जाते. पाणथळीवर थवा उडताना टिपायचा म्हणून दगड मारणारे, चिखलावर ड्रोन सोडणारे मी पाहिले आहेत. मग जागा लपवावी हेच बरं, नाही का? विणीच्या हंगामातल्या घरट्याची जागा लपवावीच. ईबर्डसारख्या नोंदपटावर नाजूक परिस्थितीतल्या जातींची ठिकाणं झाकून ठेवायची सोय असते, हंगाम सरल्यावर उशिराने नोंद करता येते. पण प्रत्यक्षात आपण नेमकं उलटं करतो. फोटोखाली ‘जागा गुप्त’ असं मोठ्या जबाबदारीने लिहितो आणि तीच जागा लोकेशनसकट तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. झुंडीला पत्ता मिळतो, नोंदवहीला मिळत नाही. पाणथळ जागेचं तर लपवून अधिकच नुकसान. तिथे राडारोडा टाकायला येणाऱ्या डंपरला ती जागा आधीच माहीत असते. इथे पक्षी नव्हतेच असं जेव्हा कागदावर लिहिलं जातं तेव्हा उत्तर द्यायला तारीखवार यादी लागते.

फोटोमुळे लोकांना प्रेम वाटतं, हे तिसरं उत्तर. वाटतं, मान्य. पण ते गुलाबी रंगावरच थांबतं. मे 2024 मध्ये घाटकोपरच्या आकाशात विमानाला धडकून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले तेव्हा शहर हळहळलं. त्याच चिखलावरचे तुतारी, चिखले, मालगुजे किती राहिले हे कुणी विचारलं नाही. सैबेरियाकडून येणारे हे भुरे, एकसारखे दिसणारे पक्षी फोटोत उठून दिसत नाहीत. 2023च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने 942 जातींचा आढावा घेऊन 178 जातींना संरक्षणात अग्रक्रम द्यावा असं सांगितलं, आणि त्यासाठी वापरल्या त्या सुमारे 30 हजार हौशी निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदी. एकाही नोंदीला उत्तम प्रकाश लागला नव्हता. घटत चाललेल्यांच्या यादीत किनाऱ्यावरचे हे भुरे पाहुणे ठळकपणे आहेत.

म्हणून शूबिलसाठी युगांडाला जाणाऱ्याला मी अडवणार नाही. पैसे आहेत, हौस आहे, जावं. त्या पैशावर माबांबाच्या कोळ्याचं घर चालतं, म्हणजे दलदल राहते. येताना चार फोटो कमी आणले तरी चालतील, पण त्या सकाळची यादी आणावी: पक्षी किती, कुठे, काय करत होते, वाटाड्याने काय सांगितलं. आणि इथे परतल्यावर तीच सवय शिवडीला लावावी. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर वर्षी होते. त्या दिवशी मोजायला माणसं मिळतात. फोटोवाल्यांची गर्दी हिवाळ्यापासून मेपर्यंत असते. खरी वाण आहे ती जून ते सप्टेंबरची. बहुतेक थवे गेलेले असतात, आकाश काळं असतं, गुलाबी फ्रेम मिळत नाही. पण वयात न आलेले काही फिकट फ्लेमिंगो मागे राहतात, आणि ऑगस्टपासून उत्तरेकडचे पहिले चिखले उतरू लागतात. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींचे आराखडे होत राहणार. त्यात पावसाळ्यातल्या शिवडीचा रकाना कुणीतरी भरलेला असला पाहिजे. हार्बरचं तिकीट, छत्री, दुर्बीण आणि वही एवढ्यावर हे काम भागतं. भरतीच्या दोन तास आधी पोचावं, म्हणजे पक्षी मोजण्याइतके जवळ येतात. जेट्टीकडे जाताना ट्रक तेवढे सांभाळावे लागतात.